प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट आपलं आपण करायचंय: पास घ्यावा की सुटी तिकिटं?

प्रतापनगरवाली
नमस्कार मंडळी. मे अखेरीस आम्ही चौघं (मी, नवरा, 9 वर्षांचा मुलगा आणि 67 वर्षांच्या सासूबाई) प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्टला जायचं म्हणतोय. टूरवाल्याचा आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात घरावर एक खोली चढली असती." त्यामुळे आपलं आपणच करायचं ठरलं. विमान नागपूरहून दोहामार्गे पाहतोय, अजून बुक केलेलं नाही. पुढचा सगळा प्रवास रेल्वे-ट्राम-मेट्रोने. युरेल पास (युरोपभरच्या रेल्वेसाठी एकच पास) घ्यावा का? आणि शहरांची ती सिटी कार्डं? यूट्यूबवर दर माणूस वेगळं सांगतो. सासूबाई चालतात भरपूर, पण जिना नको म्हणतात.

गणेशपेठ_कंडक्टर
ताई, मी जन्मभर एसटीत तिकिटं फाडली, त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही. मुलगी व्हिएन्नाला असते, तिच्याकडे आमचं जाणं-येणं होते.

पहिले विमान. प्रागचं रिटर्न काढू नका. जाताना प्राग, येताना बुडापेस्ट. बुकिंग करताना 'मल्टी-सिटी' निवडा, झालं. नाहीतर शेवटी बुडापेस्टहून प्रागला उलटं यायचं म्हणजे अख्खा दिवस रेल्वेत आणि चौघांचं भाडं वर. काहून?

युरेल विसरा. तुमचे मोठे टप्पे दोनच. प्राग ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आत. पास हा रोज नवं गाव गाठणाऱ्याचा. आमच्या 'आवडेल तेथे प्रवास'चंही तसंच होतं. खिडकीवर रामटेकला जाऊन येणारा माणूस तो पास मागायला आला, की मी त्याला साधं तिकीट काढा म्हणायचो.

आता खरी गंमत. या मार्गावरच्या एकाच गाडीचं तिकीट चेक रेल्वेही विकते आणि ऑस्ट्रियाची रेल्वे, ओबीबी, तीही विकते, आणि दर सारखा असेलच असं नाही. दोन्हीकडे तीच तारीख, तीच गाडी टाकून पाहा. स्वस्त तिकिटं मोजकीच असतात, ओबीबीकडे त्याला 'श्पारशीने' म्हणतात. ती त्या एका गाडीलाच चालतात, गाडी सुटली की तिकीटही गेलं. तिथे सीटचे पैसे वेगळे. त्याच मार्गावर पिवळी रेजिओजेट ही खाजगी गाडी आहे, तिच्या तिकिटात सीट नंबर येतोच. दर पाहताना सीट धरून बेरीज करा, नाहीतर फसगत होते. तारीख पक्की झाली की लगेच काढा, जितकी जवळ येते तितकं महाग.

शहरातलं म्हणाल तर तुमच्या घरात दोन हुकमाची पानं आहेत: पोरगा आणि सासूबाई. प्रागमध्ये 65 च्या वर फुकट, 15 च्या आतला पोरगाही फुकट. फक्त वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ पाहिजे. आपल्या एसटीत 65 ला अर्धं आणि 75 ला फुकट, त्यांनी दहा वर्षं आधीच दिलं बाप्पा! बुडापेस्टला 14 च्या आत फुकट. व्हिएन्नात 6 च्या वर पोराचं अर्धं लागते, पण रविवारी, सणाच्या सुट्टीला आणि तिथल्या शाळेच्या सुट्ट्यांत 15 च्या आतल्यांना फुकट. त्यांची उन्हाळी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये आणि आपल्या विदर्भातल्या शाळा तर जूनच्या अखेरीला उघडतात, म्हणून ती तुमच्या कामाची नाही. रविवार मात्र कामाचा.

सिटी कार्डात म्युझियमची सूट घालून किंमत चढवलेली असते. तुम्ही म्युझियमवाले नसाल तर साधं 24 तासांचं तिकीट घ्या. ते पेटीत घालून आपणच शिक्का मारल्यापासून चालते, तारखेवर नाही. दुपारी 3 ला मारला तर दुसऱ्या दिवशी 3 पर्यंत फिरा. दोन अर्धे दिवस एका तिकिटात.

आणि शिक्का मारायला विसरायचं नाही. प्रागच्या ट्राममध्ये पिवळी पेटी, व्हिएन्नाच्या मेट्रोच्या तोंडाशी निळी. फाटक नाही, कंडक्टर नाही, कोणी अडवत नाही. माणसाला वाटते चाललं. मग साध्या कपड्यातला तपासनीस डब्यात उठून उभा राहतो. खिशात तिकीट आहे पण शिक्का नाही, तर दंड तोच. परदेशी आहे वगैरे तो ऐकत नाही. मीही ऐकलं नसतं.

नील_मनीषनगर
काका, सगळं मान्य, पण चौघं आणि चार बॅगा असतील तर ॲपवरची टॅक्सीही हिशोबात घ्या. स्टेशन ते हॉटेल दोन किलोमीटर असेल तर फार फरक पडत नाही. प्रागच्या जुन्या भागात दगडी फरसबंदी आहे, त्यावर बॅगेची चाकं ओढताना हात भरून येतात. आणि प्राग-व्हिएन्ना बसने काहून नको? रेल्वेपेक्षा बरेचदा स्वस्त मिळते.

गणेशपेठ_कंडक्टर
टॅक्सीचं खरं आहे भाऊ. सामान असताना आणि रात्री उशिरा करावी. पण प्रागच्या विमानतळावरून नको. तिथून 59 नंबरची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीनपर्यंत येते, तिथून हिरवी ए मेट्रो थेट गावात. साधं शहरी तिकीट चालते आणि सासूबाई तिथूनच फुकट.

बुडापेस्टला जरा उलट आहे. विमानतळाची 100ई बस थेट आहे, पण तिला वेगळं तिकीट, तुमचं 24 तासांचं चालत नाही. 200ई ला ते चालते, पण ती बस केबान्या-किश्पेश्तहून सुटते. तिथवर एम3 मेट्रोने जायचं. शेवटच्या दिवशी बॅगा आणि सासूबाई दोन्ही आहेत, तर 100ई चे पैसे द्या. सगळीकडेच वाचवायचं असं नसते.

बस स्वस्त मिळते, खरं. पण चार तास सीटवर बांधून बसण्यात आजीबाईंना काय मजा? रेल्वेत उठून चार पावलं टाकता येतात.

जिन्याचं राहिलं. बुडापेस्टची पिवळी एम1 मेट्रो 1896 ची, अगदी रस्त्याखालीच आहे, पण पायऱ्या आहेत आणि लिफ्ट शोधत बसाल. पाहायची हौस असेल तर दोन स्टेशनं करा. फिरायला 2 नंबरची ट्राम घ्या. डॅन्यूबच्या काठाने संसदेपाशी जाते, खिडकीत बसलं की बोटीचे पैसे वाचतात. प्रागच्या किल्ल्याला 22 ची ट्राम. खालून चढू नका.

प्रतापनगरवाली
काका, खूप आभार जी. युरेल रद्द. सासूबाईंना प्रागचं फुकट तिकीट सांगितलं, तेव्हापासून त्या तिथेच आणखी एक दिवस वाढवा म्हणतायत. एक विचारायचं होतं. व्हिएन्नाला शुक्रवारी पोचून रविवारी सकाळीच बुडापेस्टला निघायचं होतं. शनिवारी पोचून सोमवारी निघू का?

गणेशपेठ_कंडक्टर
निघा. रविवारी तिथे बाजार बंद असते, म्हणून दूध-ब्रेड शनिवारीच घ्या, राहिलंच तर मोठ्या स्टेशनातलं दुकान उघडं असते. पिण्याचं पाणी नळाचंच प्या, डोंगरातून येते, चांगलं असते. शनिवारी रात्री तिथे मेट्रो रात्रभर चालते, गाडीला उशीर झाला तरी घोर नाही. आणि हॉटेल पाहताना स्वस्त म्हणून गावाबाहेरचं पाहिलं तरी चालते, फक्त मेट्रोच्या स्टेशनला लागून पाहिजे.

प्रतापनगरवाली
शनिवारची गाडी दोन्हीकडे टाकून पाहिली. ओबीबीवर सीट धरून जास्त येतंय, चेकवाल्यांकडे कमी. नवरा ऑफिसातून आला की आज रात्रीच काढते.