घरच्या सायडरसाठी कोणत्या बाटल्या ठेवू, कोणत्या टाकू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये, हेरफर्डशरला राहतो. घर घेतलं तेव्हाच परसात सफरचंदाची दोन म्हातारी झाडं होती. एक ब्रॅम्ली, कैरीसारखं आंबट. दुसऱ्याचं नाव कुणालाच सांगता आलं नाही, पण फळ गोड. एवढी फळं पडून सडताना बघवेनात, म्हणून तीन वर्षांपासून रस काढून सायडर, म्हणजे तो रस आंबवून होणारं सौम्य मद्य, घालते. घरच्यापुरतं करायला इथे परवाना लागत नाही. चव छान जमली आहे, घोडं अडतंय ते बाटल्यांपाशी.

गेल्या जूनमध्ये भर दुपारी गॅरेजमधून सुतळी बॉम्बसारखा आवाज आला. जाऊन बघते तर दोन बाटल्यांच्या ठिकऱ्या, छतापर्यंत सायडर, आणि बोटभर लांब काच समोरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुरीसारखी रुतलेली. लेक पाचच मिनिटांपूर्वी तिथून सायकल घेऊन गेली होती. उरलेल्या बाटल्या नवऱ्याने जाड हातमोजे आणि गॉगल घालून एकेक करून उघडल्या. सगळं ओतून दिलं.

फुटलेल्या दोन्ही बाटल्या चौकोनी, तारेच्या खटक्याचं झाकण असलेल्या. भेट आलेल्या ऑलिव्ह तेलाच्या होत्या, दिसायला देखण्या म्हणून मी ठेवल्या होत्या. सायडर मार्चमध्ये भरलं. हायड्रोमीटर (साखर किती उरली ते मोजायचं तरंगतं उपकरण) १.००६ दाखवत होता, पण चार दिवस काटा हलला नाही म्हणून आंबणं संपलं असं धरलं. फसफसावं म्हणून अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बाटलीत सपाट चमचाभर साखर घातली.

यंदा नऊ लिटर तयार आहे. माझ्याकडे आहेत: ओपनरने उघडायच्या बिअरच्या तपकिरी बाटल्या १४, ग्रोल्श बिअरच्या खटक्याच्या ६ (रबर कडक होऊन चिरलंय), प्रोसेको या फसफसत्या वाइनच्या जाड ५, आणि साध्या वाइनच्या ढीगभर. प्रोसेकोच्या बाटलीवर माझ्या झाकण बसवायच्या यंत्राने दातेरी झाकण बसतच नाही, घसरतं. वाइनच्या बाटल्या वापरता येतील का? आणि धुण्याचं काय? लोणच्याच्या बरण्यांसारखं कडक उन्हात वाळवायची सवय, पण इथे ऑक्टोबरनंतर तसं ऊन कुठलं!

खरं सांगते, आता भीती बसली आहे. कृपया नक्की सांगा.

प्रतिसाद

ताई, लेक सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. मी सॉमरसेटला बारा वर्षं सायडर करतोय. चौकोनी बाटली दाबासाठी नसतेच, सपाट बाजू आणि कोपरे आधी जातात. पण आधी रीडिंगकडे बघा. १.००६ म्हणजे लिटरमागे साधारण १५ ग्रॅम साखर अजून शिल्लक. थंडीत यीस्ट झोपतं आणि जूनच्या उन्हाळ्यात जागं होतं. वर तुमचा चमचा, म्हणजे लिटरला आणखी आठेक ग्रॅम. फसफसायला तेवढे आठच पुरतात, तुम्ही जवळजवळ तिप्पट भरलंत. इतक्या दाबाला बिअरची चांगली बाटलीही भरवशाची नाही. काटा १.००० किंवा खाली येऊन दोन आठवडे, तेही उबदार खोलीत, हलला नाही तरच भरा. साखर चमच्याने नको, सगळ्या सायडरसाठी एकदम वजन करून विरघळवा.

बिअरच्या आणि ग्रोल्शच्या बाटल्या ठेवा. रबराच्या चकत्या सुट्या मिळतात, चिरलेली एकही ठेवू नका. प्रोसेकोच्या सगळ्यात दणकट, फक्त त्यांचं तोंड बहुधा २९ मिलिमीटरचं आणि आपली नेहमीची झाकणं २६ ची. वाइनच्या साध्या बाटलीत वायू धरणारं काही भरू नये. पूर्ण आंबलेलं, बिनसाखरेचं, न फसफसणारं सायडर चालेल.

नख काठावरून फिरवून बघा. अडकलं तर टवका आहे, बाटली बाद. उजेडाला धरून खोल ओरखडा दिसला तरी बाद. लेबलं धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवली की सुटतात. वाळवायची गरज नाही, भरण्याच्या आधी सल्फाइटच्या (जंतू मारणाऱ्या पुडीच्या) पाण्यातून काढून निथळल्या की झालं. मानेत दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. आणि सोडावॉटरची एक प्लास्टिकची बाटलीही सायडरने सोबत भरा. ती दाबून दगडासारखी लागली की सगळ्या फ्रिजमध्ये.

जाता जाता, १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाने काचभट्ट्यांना लाकूड जाळायला बंदी केली, जहाजांसाठी लाकूड हवं होतं. भट्ट्या कोळशावर गेल्या, आंच वाढली, काच मजबूत झाली, आणि त्याच शतकात तुमच्या भागातलं सायडर त्या जाड बाटल्यांत फसफसायला लागलं. म्हणून जाड गोल बाटलीचा मला फार आदर आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार. म्हणजे चूक बाटलीइतकीच माझ्या घाईचीही होती. आज रीडिंग घेतलं, १.००४. सायडर आता स्वयंपाकघरात आणून ठेवलंय, भरायची घाई नाही. नख फिरवल्यावर १४ पैकी दोन बाटल्या गेल्या. त्या आणि उरलेल्या तीन चौकोनी, पाचही काच टाकायच्या डब्यात टाकून आले. चकत्या मागवल्या.

एकच राहिलं: २९ च्या झाकणांसाठी यंत्राचा फक्त खालचा साचा बदलता येतो, की यंत्रच वेगळं घ्यावं लागतं? माझं दोन दांड्यांचं, हाताने दाबायचं आहे.