सुपारीला सूट कशाला?

"तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी चघळतो, तिने काय होतंय" या मुद्द्यावर थोडं. होतं ना! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालातच नुसत्या सुपारीलाही गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलंय. सुपारीतल्या अरेकोलीन या रसायनामुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात आणि गाल आतून पांढुरका, ताठ होतो. आधी तिखट सोसेनासं होतं, मग तोंडच पुरतं उघडेनासं (सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात ते हेच). आपलीच तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर दंतवैद्य गाठा.

तंबाखूच्या जोडीला दारू असेल तर तोंडाच्या कर्करोगाच्या धोक्याची नुसती बेरीज होत नाही, जवळपास गुणाकार होतो.

पण "व्यसनी आहे, भोगेल" हा सूर मला पटत नाही. रात्रपाळीत झोप मारायची, भूक लांबवायची, त्यात बाजूच्याने पुडी पुढे केली की नको म्हणणं म्हणजे त्याला परकं केल्यासारखं. रोजंदारीवरच्या माणसाचा तपासणीसाठी एक दिवस बुडाला की त्या दिवसाची कमाई गेली. आणि सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, मग जाणार कोण? तोंडातला दोन आठवड्यांत न भरलेला फोड, लाल किंवा पांढरा चट्टा, दुखो न दुखो, दाखवायचाच. आरशात बघताना जीभ उचलून तिच्या खाली आणि कडांनाही बघा, तिथे सहसा कुणी बघत नाही.