ई-क्लासवर ढोरं किती सोडावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वी तालुक्यात, गाई बहुतेक गवळाऊ जातीच्या. गावाला चाळीसेक एकर ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईची जमीन आहे. त्यावर साठ ढोरं अन् शंभरावर बकऱ्या चरतात. पवन्या, मारवेल ही चांगली गवतं; ती आता फक्त काटेरी झुडपाच्या बुडाशी दिसतात, जिथं ढोराचं तोंड पोचत नाही. बाकी सगळं तरोट्याचं तण अन् कुसळी गवत. परवा एका बकरीच्या ओठात कुसळ रुतलं, काढता काढता रक्त आलं बिचारीच्या.

तीनशे किलोच्या गाईला रोज वजनाच्या अडीच-तीन टक्के, म्हणजे साडेसात ते नऊ किलो सुका चारा लागतो. एवढ्या ढोरांना ही जमीन पुरणार नाही, हे मलाही कळतं. पण कमी करायची कोणाची? गुराखी तर सगळ्यांचीच नेतो.

चार भाग पाडून एक भाग पावसाळाभर बंद ठेवावा, तिथलं गवत बी पडल्यावरच कापावं, असं मनात आहे. पहिल्याच पावसात नवं गवत ढोरांनी खुडलं की मूळच खचतं. कोणी असं केलं आहे का? कुंपणाशिवाय बंदी पाळली जाते का? बकऱ्यांचं काय केलं? तरोटा फुलाआधी उपटून मारवेलाचे ठोंब लावले तर जगतील का? जमीन मुरमाड आहे.