‘वनलाइन ऐकवा, मग बघू’ : संहितेच्या हक्कांचे अनुभव

एकांकिका, मालिका, सिनेमा, वेबसिरीज, काहीही लिहिणारं माणूस भेटलं की चहा संपायच्या आत विषय तिथेच येतो : ‘माझी गोष्ट ढापली.’ पुढे काय केलं, हे मात्र फार थोडे जण सांगतात. या धाग्यावर ते ‘पुढे’ हवं आहे. नोंदणी कुठे केली, करारातलं काय खोडायला लावलं, भांडलात तर पदरात काय पडलं. निर्माते, चॅनेल, संस्था यांची नावं नकोत. बदनामीचा दावा अंगावर घ्यायची हौस कुणालाच नसते. कोर्टाच्या निकालांतली नावं अर्थातच चालतील.

मालिका लिहिणारी, ठाणे

नॅरेशनला, म्हणजे निर्मात्यांना गोष्ट ऐकवायला, जायच्या आधी मी मेल टाकते : आज भेटतोय, कन्सेप्ट नोट जोडली आहे, ती फक्त या प्रस्तावाच्या विचारासाठी. भेट झाली की दुसरा मेल : कोण कोण होतं, काय ऐकवलं, त्यांनी काय सुचवलं. समोरचे वैतागतात. ‘मॅडम, आपल्यात कशाला एवढं?’ आपल्यातच तर लागतं.

एका प्रॉडक्शन हाऊसला अशी एक गोष्ट दिली होती. सासू सुनेच्याच बॅचला नर्सिंगला प्रवेश घेते. त्यांनी ती नाकारली. पुढे त्यांच्याच मालिकेच्या प्रोमोत ती सासू दिसली. कॉलेजचा पहिला दिवस, विसरलेलं ओळखपत्र, सगळं माझंच. स्क्रीनरायटर्स असोसिएशन या लेखकांच्या संघटनेत नोंदवलेली प्रत आणि मेलची साखळी घेऊन तिथल्या तंटा निवारण समितीकडे गेले. मालिका काही थांबली नाही. कथाकल्पनेचं श्रेय आणि एकरकमी मानधन मिळालं, तेही बऱ्याच तारखांनंतर. माझ्या मते कोर्टात जाण्यापेक्षा ते स्वस्त पडलं.

असोसिएशनची नोंदणी म्हणजे सरकारी कॉपीराइट नव्हे, हे नव्यांनी लक्षात घ्यावं. अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता, एवढंच ती सांगते. पण बहुतेक भांडणं त्या ‘एवढ्यावर’च येऊन अडतात.

वकिली करते, अधूनमधून एकांकिका लिहिते, मुंबई

माझ्याकडे येणारे दहातले आठ जण ‘आयडिया चोरली’ म्हणत येतात. निव्वळ कल्पनेवर कॉपीराइट नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स, १९७८. आनंद यांचं नाटक ‘हम हिंदुस्तानी’, सिनेमा ‘न्यू दिल्ली’. दोन्हींत प्रांतवादाचा विषय. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, आणि लेखक हरला. म्हणून मी अशिलाला आधी कागदाच्या दोन रकान्यांत प्रसंग लिहायला लावते. डावीकडे तुमचा, उजवीकडे त्यांचा. काही जण रकाने भरता भरताच गप्प होतात.

नावाचंही तेच. ‘देसी बॉईज’ या सिनेमाच्या शीर्षकावरून झालेल्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नाही.

मात्र दुसरी एक वाट आहे, विश्वासभंगाची. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल, मुंबई उच्च न्यायालय, २००३. सनडायलने मालिकेची कन्सेप्ट विश्वासाने चॅनेलपुढे मांडली होती, लेखक संघटनेत तिची नोंद होती, आणि कोर्टाने संरक्षण दिलं. ठाण्याच्या ताईंचा तो ‘फक्त विचारासाठी’वाला मेल इथे सोन्याचा ठरतो. पण २०२१ मध्ये ‘झोंबिवली’ या सिनेमाच्या वेळी याच न्यायालयाने प्रदर्शनाला मनाई करायला नकार दिला. गोपनीय माहिती नेमकी कोणती, हे मोघम सांगून भागत नाही. झोंबी काय, सासू-सून काय, सगळ्यांचेच. तुमचा तपशील तेवढा तुमचा.

नाटकवाला, फोंडा

आमच्याकडे जत्रेला देवळाच्या मांडवात नाटक होतंच. माझं एक दोन अंकी नाटक शेजारच्या गावात लागलं. जाहिरातीवर लेखक म्हणून दिग्दर्शकाचं नाव. मी तडक मंडळाच्या अध्यक्षांकडे. ते शांतपणे म्हणाले, ‘देवाच्या कामाक पैसे मागता?’

पैसे मागत नव्हतो. आणि मागितले असते तरी कायदा त्यांच्या बाजूचा निघाला असता! हौशी मंडळाने फुकट प्रयोग केला, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला सूट आहे. हे वाचून आधी राग आला, मग वाटलं, ठीक आहे, गावोगावचं नाटक त्यावरच तर जगलं. पण लेखकाचं नाव गाळायची सूट त्यात नाही. लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क कलम ५७ चा, आणि तो संहितेचे हक्क विकले तरी लेखकाकडेच राहतो. हे छापील दाखवलं तेव्हा पुढच्या प्रयोगाला नाव आलं. ‘मूळ कल्पना’ म्हणून. त्यावरही भांडलो.

एकांकिकावाला, सातारा

फोंडेकर, आमच्याकडे उलट तऱ्हा. स्पर्धेला लेखकाचं परवानगीपत्र लागतं, म्हणून पोरं फोन करतात. फॉर्म भरायच्या आदल्या रात्री करतात, पण करतात. पूर्वी मी एका ओळीचं पत्र द्यायचो. आता त्यात स्पर्धेचं नाव, वर्ष, संस्थेचं नाव आणि प्रयोगामागचं मानधन असतं. संवाद बदलायचे तर विचारून. आणि सगळ्यात महत्त्वाचं : चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकायची परवानगी यात नाही. हे शेवटचं वाक्य का, तर माझी एक एकांकिका अख्खी तिथे चढली होती आणि खाली लोक विचारत होते, ‘स्क्रिप्ट मिळेल का?’ चढवणाऱ्याने पीडीएफची लिंकही दिली होती. माझ्या हस्ताक्षरातल्या दुरुस्त्यांसकट.

कॉलेजची पोरं गरीब असतात, त्यांच्याकडून मी मानधन घेत नाही. पण पत्र घ्यायला लावतो.

न्यू जर्सी

आमच्या इथल्या मराठी मंडळात कार्यक्रमाच्या बजेटात लेखकाचं मानधन हा वेगळा रकाना आहे. हॉलच्या भाड्यापुढे ती रक्कम किरकोळ असते. तरी दर वर्षी कुणीतरी विचारतंच, ‘लेखकाला कशाला कळतंय?’

वेबसिरीज लिहिणारा, नागपूर

सरकारी नोंदणी करून बघितली. कॉपीराइट कार्यालय दिल्लीत आहे, अर्ज ऑनलाइन होतो, साहित्यकृतीला फी ५०० रुपये. डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळतो, मग कुणाची हरकत येते का म्हणून ३० दिवस थांबायचं. त्यानंतर तपासणीत माझ्या अर्जावर शंका निघाली, ती निस्तरली, प्रमाणपत्र आलं. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून असतोच, नोंदणी सक्तीची नाही. प्रमाणपत्राचा फायदा हा की कोर्टात ते प्रथमदर्शनी पुरावा धरलं जातं. मी फक्त बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे संवादांसकट पूर्ण संहिता, नोंदवतो. वनलाइन, म्हणजे एका ओळीतली गोष्ट, नोंदवून काय राखणार?

पटकथाकार, पुणे

चोरी-चोरी काय करताय? माझ्या ओळखीत जेवढे लेखक चोरीने बुडाले, त्याच्या कितीतरी पट सही करून बुडाले.

सिनेमाचा करार इंग्रजीत येतो, सायनिंग अमाउंटच्या, म्हणजे सहीच्या वेळच्या आगाऊ रकमेच्या, चेकसोबत, आणि ‘स्टँडर्ड आहे’ म्हणून पेन पुढे केलं जातं. मी पेन परत देतो आणि कागद घरी नेतो. हक्क ‘कायमचे, संपूर्ण विश्वात’ असं लिहिलेलं असतं; मंगळावर प्रीमियर ठेवलाय की काय! तिथे मी भारत आणि वर्षांचा आकडा घालायला लावतो. करारात मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश नसेल तर भारत, म्हणून तर त्यांचे वकील ‘विश्व’ लिहितात. रिमेक, डबिंग, नाट्यरूपांतर, कादंबरी यांच्या वेगळ्या ओळी. श्रेयनामावलीत नाव कुठे आणि कसं, हेही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा लेखकाला सोडून देता येत नाही. तरी ‘सोडून दिला’ असं कलम अजून छापून येतं. ते खोडायचं. एका निर्मात्याने त्यावरून दुसरा लेखक घेतला. घेऊ दे.

आणि कागदच झाला नसेल तर? ‘तुम्ही आम्हाला गोष्ट दिलीत’ असं तोंडी म्हणून हक्क जात नाहीत. हस्तांतर लेखी आणि सहीचंच लागतं.

माझी एक संहिता एका निर्मात्याकडे पडून होती. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर घेतलेला हक्क वर्षभर न वापरल्यास तो संपतो, कलम १९. त्यांच्या करारात याबद्दल काहीच नव्हतं. वर्ष उलटल्यावर वकिलाकडून पत्र पाठवलं. आधी त्यांनी सायनिंग अमाउंट परत मागितली. करारात परतीचीही ओळ नव्हती. आता तीच संहिता दुसरीकडे दिली आहे, नवा करार परवा आला. त्यात या कलमाला बगल देणारी ओळ पहिल्याच पानावर आहे. लाल पेनाने ती खोडून परत पाठवलाय, उत्तर यायचं आहे.