एसक्यूएल एक्सप्रेस: शेड्यूलर म्हणतो बॅकअप झाला, फोल्डर मात्र रिकामं

गाळ्यावरचा_संगणक, वाशी
नमस्कार. वाशीच्या भाजी मार्केटात एका आडत्याच्या गाळ्यावरचे संगणक मी सांभाळतो. हिशेब एसक्यूएल सर्व्हर २०१९ एक्सप्रेसवर (मायक्रोसॉफ्टचा फुकट डेटाबेस) आहे. एक्सप्रेसला एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) नसतो, म्हणून एसक्यूएलसीएमडीची (डेटाबेसला कमांड देणारा प्रोग्राम) बॅच फाइल विंडोज टास्क शेड्यूलरला लावली, रात्री २ वाजता. बॅकअप थेट झेड ड्राइव्हवर, म्हणजे ऑफिसातल्या नॅसवर (नेटवर्कवरची सामायिक डिस्क). सकाळी रिझल्ट शून्य, म्हणजे यशस्वी. आणि नॅसवर फाइलच नाही!

दुसरं, २ ही वेळ तरी बरोबर आहे का? आमच्याकडे रात्रीच गाड्या खाली होतात, मग सौदे आणि मग शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या). जुन्नरहून आलेला माणूस त्याच गाडीनं परत जायचा असतो, त्याची पट्टी अडून चालत नाही. आणि एकदा निघालेली पट्टी गेली, तर हमाली, तोलाई, भाडं सगळं चिठ्ठ्यांवरून पुन्हा मांडायचं. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे, नीट सांगा.

वागळे_इस्टेट_डीबीए
दादा, बॅकअपची फाइल तुमचा टास्क लिहीत नाही, एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस लिहिते, तिच्या स्वतःच्या खात्यानं. तुमच्या लॉगिनला जोडलेला झेड ड्राइव्ह तिला दिसतच नाही. आधी लोकल डिस्कवर घ्या, त्या फोल्डरवर सर्व्हिसच्या खात्याला लिहिण्याची परवानगी द्या, मग फाइल नॅसवर कॉपी करा.

शून्य का आला? एसक्यूएलसीएमडीला ‘वजा बी’ स्विच दिला नाही, तर आतली बॅकअप कमांड फसली तरी तो शून्यच परत देतो. स्विच लावा आणि पुढच्याच ओळीत एररलेव्हल (आधीच्या कमांडनं परत दिलेला आकडा) तपासून, चूक असेल तर तोच आकडा देऊन बाहेर पडा. नाहीतर बॅचमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल शेड्यूलरला जातो. बॅकअपला चेकसम (बिघाड ओळखणारा पडताळणीचा आकडा) जोडा, लगेच रिस्टोअर व्हेरिफायओन्ली (बॅकअपची फाइल तपासणारी कमांड) चालवा.

वेळेचं म्हणाल तर बॅकअप चालू असताना नोंदी अडत नाहीत, फक्त डिस्कवर ताण येतो. तरी पूर्ण बॅकअप दुपारी, पट्ट्या संपल्यावर घ्या. रात्री २ ही वेळ दिवसा चालणाऱ्या ऑफिसांची. आणि फक्त त्यावर विसंबू नका: पहाटे ६ ला डिस्क गेली तर त्या रात्रीचा सगळा धंदा गेला. डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद लॉगमध्ये होते; ती बॅकअप होईपर्यंत टिकावी म्हणून रिकव्हरी मॉडेल हे सेटिंग फुल करा, लगेच एक पूर्ण बॅकअप घ्या (त्याशिवाय लॉगची साखळी सुरू होत नाही), मग दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप. एक्सप्रेसमध्ये हे सगळं चालतं. लॉग बॅकअप बंद पडला तर लॉग फाइल फुगत जाईल, त्यावर लक्ष हवं.

महापे_रात्रपाळी
कॉपीसाठी रोबोकॉपी (विंडोजची कॉपी करणारी कमांड) वापरणार असाल तर जपून. त्यानं परत दिलेला १ म्हणजे फाइल गेली, छान. ८ किंवा जास्त आला तरच अपयश. बॅचमध्ये तसं लिहिलं नाही तर शेड्यूलर उगाच १ दाखवत राहील, आणि रोज १ बघून सवय झाली की खरी चूक नजरेतून सुटते. शिवाय वीज गेली तर ‘चुकलेला टास्क शक्य तितक्या लवकर चालवा’ ही खूण करून ठेवा, मूळ सेटिंगमध्ये ती नसते.

गाळ्यावरचा_संगणक, वाशी
वागळेदादा, स्विच लावल्याबरोबर खरी एरर दिसली: डिव्हाइस उघडता येत नाही, पाथ सापडत नाही. आता डी ड्राइव्हवर फाइल पडते आणि रोबोकॉपीनं नॅसवर जाते. पूर्ण बॅकअप दुपारी ३ ला लावला. लॉगच्या फाइलींना नाव कसं देऊ? बॅचमधली तारीख विंडोजच्या रीजन सेटिंगप्रमाणे बदलते.

वागळे_इस्टेट_डीबीए
नाव एसक्यूएलमध्येच तयार करा. कन्व्हर्ट या फंक्शनला (तारखेचं रूप बदलणारं) स्टाइल ११२ दिली की वर्ष-महिना-दिवस सलग ८ अंक मिळतात, पुढे तास-मिनिटं जोडा. नावानं लावलं की फाइली आपोआप वेळेच्या क्रमानं येतात, रिस्टोअरला तोच क्रम लागतो. आणि व्हेरिफायवर थांबू नका. गाळ्यावरच्या दुसऱ्या पीसीवर पूर्ण बॅकअप आणि त्यापुढचे लॉग चढवा, कालची एखादी पट्टी उघडा, कागदाशी रक्कम ताडून बघा.