विषय: अ‍ॅपलाचियन ट्रेलवर दोघांसाठी एक दिवस, एक रात्र

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं उन्हाळ्यात पुण्याहून अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सला आलो. तिकडे राजमाची, रतनगड, हरिश्चंद्रगड नेहमीचे होते. ऑक्टोबरात अ‍ॅपलाचियन ट्रेलवर एक दिवस चालून रात्री तंबूत राहावं असं दोघांच्याही मनात आहे. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी २,१९० मैलांहून लांब वाट; त्यातला आम्हाला झेपेल असा तुकडा कुठला? वाटेवरच्या हटमध्ये (निवाऱ्यात) झोपता येतं का? आणि अस्वलांची काळजी कशी घ्यायची?

---

काकांचं उत्तर:

तुम्ही दोघं निघताय हे वाचून फार बरं वाटलं. व्हर्जिनियातल्याच शेनँडोआ नॅशनल पार्कात थॉर्नटन गॅप या खिंडीपासून दक्षिणेकडे चढा. मेरीज रॉकपर्यंत दोन मैलांच्या आत जवळपास १,२०० फूट चढण आहे. पाठीवर तंबू असला की दम लागतो, पण वाट मळलेली आहे. वर कातळावरून पेज व्हॅली आणि पलीकडे मॅसानटनची रांग दिसते. घाईने फोटो काढून निघू नका, तिथे बसा. पुढे धारेवरून चालत बर्ड्स नेस्ट ३ या हटपर्यंत जायचं. सुरुवातीपासून तीन मैलांच्या थोडं वर. एका दिवसाला एवढंच पुरे. सकाळी जमलं तर आणखी मैलभर पुढे पिनॅकल हा माथा बघून परत फिरा.

झाडांवरचा २ इंच रुंद, ६ इंच उंच पांढरा पट्टा म्हणजे मुख्य वाट. निळा पट्टा दिसला तर ती पाण्याकडे किंवा दुसरीकडे जाणारी आडवाट. एकावर एक दोन पट्टे दिसले की थांबा, पुढे वळण असतं. फाट्यांवर सिमेंटचे खांब आहेत, त्यांना गुंडाळलेल्या पत्र्याच्या पट्टीवर दिशा आणि मैल ठोकलेले असतात. अंधारात किंवा धुक्यात टॉर्च तिरका धरला की अक्षरं नीट लागतात.

हट म्हणजे तीन भिंती आणि छप्पर, पुढची बाजू उघडी. सलग तीन किंवा जास्त रात्री चालणाऱ्यांसाठी ते राखलेले आहेत. तुम्ही जवळच्या जागांवर तंबू लावा, परवाना आधीच ऑनलाइन काढून घ्या. शेकोटी फक्त हटच्या बांधलेल्या चुलीत चालते, इतरत्र नाही.

राजमाचीला उधेवाडीत पोचलं की कुणीतरी पिठलं-भाकरी वाढतं. इथे तसं घर नाही. पण या डोंगरांत कधी वस्तीच नव्हती असं समजू नका. १९३५ साली पार्क झालं, त्याच्या आगेमागे इथल्या शेकडो कुटुंबांना घरंदारं सोडावी लागली. रानात दगडी गडगे, चुलाण्यांचे अवशेष, कुठे सफरचंदाची झाडं अजून आहेत. दिसले तर पाय ठेवून बसू नका, दगड हलवू नका. मला या वाटेवर पांढऱ्या पट्ट्यांइतकंच हेही बघावंसं वाटतं.

अस्वलांचं: वास येणारं काहीही तंबूत नको. लोणचं, मेतकूट, टूथपेस्ट, ओठांना लावायचं मलम, सगळं एका पिशवीत. हटजवळ उंच लोखंडी खांब असतो, वर आकडे. शेजारच्या लांब सळईने पिशवी उचलून आकड्यात अडकवायची. भरलेली पिशवी त्या टोकावर डुलते, म्हणून एकाने सळई धरावी आणि दुसऱ्याने खालून नजर ठेवून सांगावं. खांब नसेल तिथे जमिनीपासून १० फूट वर आणि खोडापासून ४ फूट लांब टांगा, किंवा अस्वलरोधक डबा न्या.

खालच्यापेक्षा वर साधारण १० अंश फॅरेनहाइट थंडी जास्त असते. कानटोपी विसरू नका.

---

काकांच्या मेलला काकूंची जोड:

गोचिडीचं राहिलं. ऑक्टोबरातही असतात आणि लाइम आजार त्यांच्यामुळेच होतो. फिक्या रंगाची पँट मोज्यात खोचा. संध्याकाळी एकमेकांच्या मानेमागे, काखेत, गुडघ्यांच्या मागे बघा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका, तेल किंवा काडी लावू नका.

पाणी झऱ्याचं मिळेल, पण फिल्टरने गाळून किंवा उकळूनच प्या. कोरडा हंगाम असला तर झरा आटलेला असू शकतो, म्हणून निघताना दोघांना पुरेल एवढं घेऊनच चढा. दशम्या आणि गूळ-शेंगदाण्याची चिक्की चांगली टिकते, गॅसचं काम कमी होतं.

आमच्याकडे अस्वलरोधक डबा आहे, दोन रात्रींचं जेवण मावतं. शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊन घेऊन जा. चहालाच या, पिशवी भरायला मीही बसते.