मधातलं शिसं तपासून घ्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचे मामा सातारा जिल्ह्यात मधपेट्या ठेवतात. मध अस्सल आहे, त्याबद्दल शंका नाही. काळजी आहे ती डब्याची. काढलेला मध ते वर्षानुवर्षं जुन्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवतात. डब्याचे जोड झाळलेले आहेत आणि तळाशी आतून करडा थर सुटलाय, बोट फिरवलं की हाताला लागतो.

मध गोड लागला तरी आम्लधर्मी असतो, सामू साधारण 4 च्या आसपास. त्यामुळे पत्र्यावरचं जस्त आणि जुन्या झाळकामातलं शिसं त्यात उतरू शकतं. चवीत किंवा रंगात ते कळेलच असं नाही. युरोपीय संघाने मधात शिशाची मर्यादा किलोला 0.10 मिलिग्रॅम ठेवली आहे. लहान मुलांसाठी तर शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानत नाहीत, मेंदूच्या वाढीवरच परिणाम होतो. आमची मुलगी 4 वर्षांची आहे आणि रोज सकाळी हाच मध चाटते. सध्या बंद केलाय.

पुण्यात किंवा साताऱ्याजवळ खाजगी ग्राहकाकडून नमुना घेऊन शिसं, कॅडमियम तपासून देणारी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा कोणाला माहीत आहे का? खर्च किती येतो, नमुना काचेच्या बाटलीत द्यायचा का? साखरेच्या भेसळीची चाचणी नकोय, तिच्यातून धातू कळत नाहीत. मुलीच्या रक्तातलं शिसं तपासावं का, हेही बालरोगतज्ज्ञ कोणी असतील तर कृपया सांगा. आणि मामांना न दुखावता डबे बदलायला कसं सांगू?